पडद्यावरचा जवान जेवला का?

दर २६ जानेवारीला आमच्या शाळेच्या भोंग्यावर एक गाणं लागतं. तुमच्याही शाळेत लागत असणार. कैफी आझमींचे शब्द, मदनमोहनची चाल, रफीचा आवाज. मरता मरता जवान मागे राहणाऱ्यांच्या हाती देश सोपवून जातो, ते गाणं. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत मी अठरा वर्षं शिकवतोय आणि झेंडावंदनाआधी हे गाणं वाजलं नाही असा एकही प्रजासत्ताक दिन मला आठवत नाही. पोरांना ते तोंडपाठ आहे. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, हिंदी तोडकंमोडकं येणाऱ्या पोरांनाही.

ते गाणं ज्या सिनेमातलं आहे, तो मात्र त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता. शिक्षकांपैकी दोघांनी पाहिला होता. त्यातल्या एकाची समजूत अशी, की तो आपण जिंकलेल्या लढाईवरचा आहे.

गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन, संचलन, भाषणं, जिलेबी हे सगळं उरकल्यावर हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून पोरांना 'उरी' दाखवला. आदित्य धरचा, २०१९चा. पडद्यावरच्या जोशाच्या आरोळीला पोरांनी अशी उत्तरं दिली की वरचे पत्रे दणाणले. टाळ्या मीही वाजवल्या. सिनेमा नेटका बांधलेला आहे, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी बारावीतला एक मुलगा भेटला. धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा. पहाटे पाचला रस्त्यावर सोळाशे मीटर पळणाऱ्या टोळीतला. भरतीची तयारी करणारी ही पोरं आमच्याकडे आता इतकी नेहमीची झालीत की एसटीचे ड्रायव्हरही त्यांना बघून गाडी सावकाश बाजूने काढतात. त्याने विचारलं, "सर, ते डोंगरावर जातात ना, त्यांना जेवण कोण पोचवतं?"

मी म्हटलं, "अरे, एका रात्रीचं काम होतं ते. जेवून निघाले असतील."

"आणि जे तिथंच राहतात ते?"

ट्रक जातो, खेचरं जातात, हेलिकॉप्टर जातं, असं काहीबाही मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाहिलेल्या आपल्या युद्धपटांतलं एकही दृश्य मला पुरावा म्हणून आठवत नाहीये. गोळ्या कशा पोचतात हे मला शंभर वेळा दाखवलंय. भाकरी कशी पोचते, आणि न पोचल्यावर काय होतं, हे जवळजवळ कधीच नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ मांडतो. आपल्या युद्धपटातल्या जवानाला भूक लागत नाही. थंडी वाजत नाही, हगवण लागत नाही, पाय कुजत नाहीत. त्याला फक्त राग येतो. हे सगळं चुकून सुटत नाही. ते गाळलं जातं आणि आपण प्रेक्षक ते गाळून घेतो, कारण भुकेला जवान दिसला की लगेच पुढचा प्रश्न येतो: याला उपाशी ठेवलं कुणी? शत्रूला या प्रश्नाचं उत्तर बनवता येत नाही. त्यासाठी घराकडे वळून बघावं लागतं.

'उरी'वर हा आरोप ठेवणं अन्यायाचं आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. छापा एका रात्रीचा होता. पण मग आपल्याला एका रात्रीचेच छापे का आवडतात? महिनोन्‌महिने खंदकात बसून राहण्याचा सिनेमा आपण का करत नाही? सैनिकाच्या नोकरीतला बहुतेक काळ तर तसाच जातो.

एकदा केला होता. ज्याचं गाणं आपण भोंग्यावर लावतो, तोच. चेतन आनंदचा 'हकीकत', १९६४. चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धाला दोन वर्षं झाली होती, जखम ओली होती. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद. लडाखमध्ये जाऊन, सैन्याची मदत घेऊन केलेला सिनेमा, आणि विषय काय, तर माघार. पहिली गोळी आपण झाडायची नाही असा हुकूम असलेली, संख्येने आणि साधनांनी कमी पडलेली, बर्फात वाट तुडवत मागे येणारी माणसं. घरच्या पत्राची वाट बघणारी. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या चित्रपटाचा मान मिळाला. म्हणजे सरकारलाही त्यात देशद्रोह दिसला नव्हता.

आणि ते गाणं? ते सिनेमाच्या शेवटी येतं. बर्फात पडलेल्या जवानांच्या प्रेतांवरून कॅमेरा फिरत असतो आणि मागे रफी गात असतो. आपण साठ वर्षांत काय केलं, तर प्रेतं काढून टाकली आणि गाणं ठेवलं.

त्या प्रेतांमागचं वास्तव सिनेमाहून कठोर आहे. १८ नोव्हेंबर १९६२ला रेझांग लाच्या खिंडीत, सुमारे १६,००० फुटांवर, १३ कुमाऊँ बटालियनची चार्ली कंपनी मेजर शैतानसिंग यांच्या हुकमाखाली लढली. सव्वाशेच्या आत-बाहेर माणसं, जुन्या .३०३ रायफली, त्या उंचीला न पुरणारे कपडे. बहुतेक सगळे तिथेच मेले. फेब्रुवारी १९६३मध्ये एका मेंढपाळाला ते दिसले. खंदकात, बर्फात थिजलेले, काहींच्या हातांत अजून शस्त्रं. तीन महिने ते तिथे होते. त्यांच्या शौर्याबद्दल मला एक शब्दही कमी बोलायचा नाही. पण शौर्याची गोष्ट सांगताना कपड्यांची गोष्ट वगळली, तर ती कुणाच्या सोयीची होते, हे विचारायला नको?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्या टोळीतल्या अकरा पोरांना माझ्या लॅपटॉपवर 'हकीकत' दाखवला. आधी कंटाळली. कृष्णधवल, लांबलचक, मध्ये प्रेमकथा. मग माघार सुरू झाली आणि खोली शांत झाली. गाणं लागल्यावर दोघंतिघं सवयीने गुणगुणायला लागले आणि पडद्यावर काय दिसतंय ते बघून थांबले. आरोळी कुणी दिली नाही. बाहेर पडताना धडगावचा तो मुलगा म्हणाला, "सर, हे आधी दाखवायला पाहिजे होतं."

"भरती देणार नाहीस का मग?"

"देणार ना. पण माहीत तर पाहिजे."

'मनोधैर्य खच्ची होतं' असं म्हणणाऱ्यांसाठी हे वाक्य मी जपून ठेवलंय. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी आपल्या मराठीचं बघू.

मराठी सिनेमाला लढाईचं वावडं नाही. गेल्या सात-आठ वर्षांत 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' अशी रांग लागली. थिएटरात घोषणा, बाहेर भगवे फेटे. मावळा पडद्यावर उडतो, कापतो, पडतो, हसत मरतो. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे आषाढाच्या पावसात रात्रभर पळणाऱ्या माणसाच्या पोटात काय होतं, हा प्रश्न मला या रांगेतून कधी ऐकू आला नाही. आशुतोष गोवारीकरने २०१९मध्ये हिंदीत 'पानिपत' केला. पानिपताची खरी गोष्ट १४ जानेवारी १७६१च्या एका दिवसाची नाहीच. आधीचे अडीच महिने रसद तुटलेल्या छावणीत लाखभर माणसं आणि जनावरं कशी झुरली, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून कशी बाहेर पडली, ही ती गोष्ट आहे. सिनेमातून बाहेर पडताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र तलवारी होत्या. मराठी भाषा सिनेमापेक्षा प्रामाणिक आहे. एखाद्याचा पार धुव्वा उडाला की अजूनही आपण 'पानिपत झालं' म्हणतो. भाषेला हरणं आठवतं.

न झालेला सर्वांत मोठा मराठी युद्धपट मात्र मला सारंगखेड्याच्या यात्रेत दिसतो. आमच्या शहादा तालुक्यात तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. एकेका घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत, दात बघत, चाल बघत उभी असलेली माणसं बघितली की मला कूत-अल-अमारा आठवतं.

इराकमध्ये तैग्रिसच्या वळणावरचं हे एक गाव. पहिल्या महायुद्धात बगदादकडे निघालेली ब्रिटिश-हिंदी फौज मार खाऊन मागे आली आणि डिसेंबर १९१५मध्ये इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्या फौजेचं नाव काय? सहावी (पूना) डिव्हिजन. त्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरं. सेनापती जनरल टाउनशेंड. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तशी तोफखान्याची आणि घोडदळाची जनावरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नकार दिला. धर्म बुडेल, गावी तोंड दाखवता येणार नाही, पोरीबाळींची लग्नं होणार नाहीत. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून तारेने परवानगी मागवली, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत अडून राहिले. शेवटी शेवटी रोजचं धान्य माणशी चार औंसांवर आलं. म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम. आपल्याकडे एका मोठ्या भाकरीला याहून जास्त पीठ लागतं. भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, सांधे धरले. विमानांतून पोती टाकून बघितली, काही नदीत पडली. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० जण मेले किंवा जखमी झाले, तरी वाट फुटली नाही. वेढा उठवण्यासाठी तुर्की सेनापतीला पैसे देऊ करण्यापर्यंत मजल गेली. देऊ करायला गेलेल्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स होते. तेही फसलं. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली.

पुढचं आणखी वाईट. शिपायांना वाळवंटातून चालवत अनातोलियाकडे नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं. त्यात हजारो मेले. जनरल टाउनशेंड युद्ध संपेपर्यंत इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात राहिले.

आता विचार करा. उपाशी मरताना समोरच्या घोड्याच्या मांसाकडे बघत धर्म आणि जीव यांत निवड करणारा साताऱ्याचा शिपाई. कुणाचं राज्य वाचवायला आलोय, हे त्याला नीट सांगितलेलंही नाही. लॉरेन्सवर चार तासांचा जगप्रसिद्ध सिनेमा आहे. या शिपायावर मराठीत काय आहे? सातारा-कोकणात काही गावांच्या वेशीत इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. तेवढंच. एक गाव तर नावातच 'मिलिटरी' लावून हिंडतं, अपशिंगे. त्या गावांतही पाटीखाली उभं राहून फोटो काढतात. कुणी काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सातारकरांचं दुखणं. नंदुरबारच्या मास्तरला त्याचं काय?

आमच्या भागात सैनिक आणि भूक यांचं नातं दोनशे वर्षं जुनं आहे. १८१८ला खानदेश इंग्रजांकडे गेला आणि सातपुड्यातल्या भिल्लांशी त्यांची वर्षानुवर्षं झुंज चालली. बंदुकीने भागेना, तेव्हा १८२५मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार जेम्स आउटरॅम नावाच्या बाविशीतल्या लेफ्टनंटने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. त्याने त्यांच्याबरोबर शिकार केली, विश्वास मिळवला, नियमित पगार दिला. डोंगरात हाकलत नेलेल्या, रान आणि वतन गमावलेल्या माणसाला ठरलेल्या तारखेला पगार. ती पलटण मग कुणावर सोडली? डांगातल्या भिल्लांवर, बंड करणाऱ्या आपल्याच माणसांवर. आउटरॅमच्या कर्तबगारीच्या गोष्टी इंग्रजांनी आवडीने लिहिल्या. त्या पलटणीत पहिल्या दिवशी पोटभर जेवलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते कुणी लिहिलं नाही. मला तो सिनेमा बघायचा आहे.

आजही पहाटे पळणाऱ्या त्या टोळीला विचारा. बहुतेकांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. घरात आजी आणि लहान भावंडं. कुपोषणाच्या बातमीत आमच्या जिल्ह्याचं नाव दरवर्षी येतं, त्यात धडगाव आणि अक्कलकुवा पुढे. भरतीत काय आवडतं, असं विचारलं तर पोरं आधी 'देशसेवा' म्हणतात, कारण तसं म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे. मग जरा वेळाने एखादा म्हणतो, "सर, तिथं मेस असते." २०२२पासून अग्निवीर आलं. चार वर्षांची नोकरी, नंतर चारातला एक कायम. तरी पळतात. यात मला काही कमीपणा वाटत नाही. पोटासाठी सैन्यात जाणं हे जगातलं सर्वांत जुनं आणि प्रामाणिक कारण आहे. कमीपणा आहे तो या कारणाकडे कॅमेरा न वळवणाऱ्यांचा.

आता मनोधैर्याचं. 'असले सिनेमे दाखवले तर पोरं घाबरतील', हे मला संस्थेतल्या एका जबाबदार माणसाने 'हकीकत'बद्दल ऐकवलं. हा युक्तिवाद कुणी कुणी वापरलाय ते बघा. रेमार्कच्या कादंबरीवरचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' डिसेंबर १९३०मध्ये बर्लिनमध्ये लागला. खंदकातले भुकेले, घाबरलेले जर्मन शिपाई त्यात होते. गोबेल्सच्या नाझी टोळ्यांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बॉम्ब फोडले, आणि काही दिवसांत सिनेमावर बंदी आली. सैनिकाचा अपमान होतो म्हणे. सैनिकाच्या अपमानाची एवढी काळजी असलेल्यांनी पुढे नऊ वर्षांनी लाखो जर्मन पोरांना कुठे नेऊन मारलं, ते वेगळं सांगायला नको. त्याच कादंबरीवर २०२२मध्ये जर्मनांनीच पुन्हा सिनेमा केला. त्यात युद्धातून तगलेला एक अनुभवी शिपाई शेवटी मरतो तो शेतकऱ्याच्या घरून अंडी चोरल्यावर, शेतकऱ्याच्या पोराच्या गोळीने. त्याला चार ऑस्कर मिळाले. त्यामुळे जर्मनीचं मनोधैर्य खचल्याची बातमी माझ्या वाचनात नाही.

'पण आपल्या नंदुरबारचा शिरीषकुमार?' असंही विचारलं गेलं. ९ सप्टेंबर १९४२ला झेंडा हातात धरून पोलिसांच्या गोळ्या झेललेला पंधरा वर्षांचा पोरगा, आणि त्याच्याबरोबर गेलेले चौघं. तो घाबरला नाही, मग या पोरांना भीती कशाला दाखवता? मला हा प्रश्न उलटा वाटतो. तो पोरगा बंदुकीसमोर नि:शस्त्र उभा होता आणि समोर काय आहे ते त्याला स्वच्छ दिसत होतं. दिसत असूनही उभा राहिला, म्हणून आपण त्याला हुतात्मा म्हणतो. डोळे बांधून उभ्या केलेल्याला कुणी शूर म्हणत नाही.

आणि खरंच कुणी भुकेबद्दल बोललं तर आपण काय करतो? जानेवारी २०१७मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेली पोळी आणि पाण्यासारखी डाळ मोबाइलवर चित्रित करून दाखवली. काही मिनिटांची ती फीत कोट्यवधींनी पाहिली. त्याचे आरोप खोटे ठरवले गेले आणि एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं. चौकशी बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मला आठवतात ते आमच्या स्टाफरूममधले शेरे: "शिस्त नाही", "दारू पीत असेल", "शत्रूला आयतं कोलीत". त्याला भूक लागली असेल, असं कुणी म्हटलं नाही. पुढे फेब्रुवारी २०२०मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. सियाचीन-लडाखसारख्या उंचीवरच्या सैनिकांना बर्फातले चष्मे, बूट कमी पडले होते आणि शिध्यात पर्यायी पदार्थ दिल्यामुळे काही बाबतींत उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले होते, अशी नोंद त्यात होती. ही सरकारच्याच लेखापरीक्षकाची नोंद. त्यावर पटकथा कुणी लिहिली?

मी युद्धविरोधी भाषण करत नाहीये. सीमा आहे, तिथे माणसं लागणार, आणि त्यातली काही माझ्या वर्गातून जाणार. म्हणूनच मला तो सिनेमा हवा आहे जो त्या माणसाला देह आहे हे कबूल करतो. ज्यात रसदीचा ट्रक अडकला की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. ज्यात सीमेच्या अलीकडच्या माणसालाही जाब विचारला जातो. असा सिनेमा पाहिलेला समाज जवानाच्या नावाने आरोळी कमी देईल, त्याच्या शिध्याचा हिशेब जास्त मागेल. त्यातलं कुठलं जवानाच्या उपयोगाचं, ते जवानालाच विचारा.

येत्या २६ जानेवारीला हॉलमध्ये 'हकीकत' लावावा, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर आलेलं नाही. भोंग्यावरच्या गाण्याला मात्र अर्ज लागत नाही, ते वाजेलच.

धडगावचा मुलगा या वर्षी भरती झाला. प्रशिक्षणाला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. मी पहिल्यांदा विचारलं, "जेवलास का?"

तो हसला. म्हणाला, "हो सर. आईनेही हेच विचारलं."